उपचारानंतरचे चालणे आणि कल्याणमित्र
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला आरोग्यावर बोलायला सांगितलं. आरोग्य म्हटलं की वक्ता तंबाखू सोडा, मिश्री सोडा, दारू सोडा एवढं सांगून खाली बसतो. ते बरोबरच आहे, आणि पंचशील घेणाऱ्याला ते दुसऱ्याने सांगायची वेळ येऊ नये. पण मी आज जरा बाजूचा विषय घेतलेला आहे. ज्याला कॅन्सर झाला, ज्याचं ऑपरेशन झालं, सलाईनमधून औषधं झाली, शेक झाले, आणि शेवटी डॉक्टरने “आता तीन महिन्यांनी दाखवायला या” असं सांगून ज्याला घरी पाठवलं, त्या माणसाचं पुढं काय? त्याच्याविषयी मला बोलायचं आहे. कारण तो माणूस आता आपल्या गल्लीत आहे. त्याच्यासाठी दवाखान्याचं काम बरंचसं संपलेलं असतं आणि आपलं काम तिथून सुरू होतं.

पूर्वी कॅन्सर म्हणजे संपलं, असं धरून चालायचे. आज तसं राहिलेलं नाही. मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडलं, तेव्हा खेड्यातल्या माणसाला ते ठाऊकसुद्धा नव्हतं. आता महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार होतात आणि आपली माणसं तिथवर पोचतात, बरी होऊन परत येतात. २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १४ लाख लोकांना नव्याने कॅन्सर झाला, असा अंदाज आहे. त्यातली जी जगली, वाचली, त्यांची संख्या दरवर्षी वाढत जाणार. म्हणजे प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत अशी माणसं असणार, आणि आहेत.

परिचारिका म्हणून नोकरी करताना मी दोन प्रकारची घरं पाहिली. एका घरात बाई दवाखान्यातून आली की सून हातातला तांब्यासुद्धा काढून घेते. “आई, तुम्ही उठू नका, मी करते.” मुलगा म्हणतो, “आयुष्यभर राबलीस, आता आराम कर.” प्रेमापोटीच म्हणतात. त्यात खोट नाही. पण सहा महिन्यांनी पाहावं तर ती बाई खाटेवरून न्हाणीपर्यंत जाताना भिंत धरते. आजार गेला, उपचार संपले, आणि बाई मात्र बसली ती बसलीच. दुसऱ्या घरात याच्या अगदी उलट. तिथे आराम हा शब्द परवडत नाही. टाके वाळले न वाळले तोच बाई कांदे काढायला रानात. दोन दिवस जाते, तिसऱ्या दिवशी अंग धरतं, मग आठ दिवस झोपून. पुन्हा उठते, पुन्हा पडते. पहिलीला उठवायचं कसं आणि दुसरीला आवरायचं कसं, हे दोन्ही शिकवावं लागतं. नुसतं “व्यायाम करा” म्हणून भागत नाही.

आता इथे एक गोष्ट आधी बोलून टाकतो, कारण ती बोलल्याशिवाय पुढचं सगळं फुकट आहे. अजून काही घरांत कॅन्सर झालेल्या माणसाचा कप वेगळा ठेवतात, ताट वेगळं ठेवतात. कॅन्सर एकाच्या ताटातून दुसऱ्याला होत नाही. शेजारी बसल्याने होत नाही, लेकरू मांडीवर घेतल्याने होत नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी वेगळा कप सोसलेला आहे. फळीवर उपडा ठेवलेला, कानतुटका कप. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले ते कशासाठी, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. आणि आपण आपल्याच घरात, आपल्याच आईचा कप वेगळा मांडायचा? ज्या बाईला घरातच असं बाजूला बसवलंय, तिला तुम्ही सांगणार, ताई रोज फिरायला जा. ती कशी जाईल? तिला वाटतं, गल्लीतून जाताना लोक पदर सावरून बाजूला होतील.

दुसरी गोष्ट त्याच जातीची. “मागच्या जन्मीचं पाप” किंवा “देवीचा कोप”. बाहेरचे बोलतात ते बोलतात, पण बौद्ध घरांतसुद्धा म्हातारी माणसं हळूच बोलून जातात. तथागतांना मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने हेच विचारलं होतं, की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वीच्या कर्माचंच फळ, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय म्हणणं? संयुत्त निकायात ते आहे. तथागतांनी सांगितलं की काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही ऋतू बदलल्याने, काही शरीराची हेळसांड केल्याने. सगळं पूर्वकर्मावर ढकलणं म्हणजे जे डोळ्यांना दिसतं त्याच्याही पलीकडे जाणं झालं. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे उत्तर आहे. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत साफ नाकारलेला आहे, कारण तो माणसाला हातपाय बांधून बसवतो. हातपाय बांधून बसवतो, हे शब्द आजच्या विषयाला अगदी लागू पडतात बघा.

तर मूळ विषय. कॅन्सरच्या उपचारानंतर एक थकवा येतो. तो रानातून आल्यावर येतो तसला थकवा नव्हे. रानातला थकवा रात्रभर झोपलं की जातो. हा झोपून जात नाही. उलट जितकं झोपावं तितका वाढतो. कारण असं, की पडून राहिल्याने मांड्या-पोटऱ्यांचं मांस झडतं, हृदयाची आणि फुप्फुसाची सवय मोडते. मग पूर्वी सहज व्हायचं ते काम जड वाटायला लागतं. जड वाटतं म्हणून माणूस आणखी बसतो. बसला की आणखी मांस झडतं. या फेऱ्यातून बाहेर पडायचा खात्रीचा मार्ग म्हणजे थोडं थोडं, रोज, मोजून हालचाल करणं. डॉक्टर लोकांचं मतही बदललेलं आहे. एके काळी ते स्वतःच म्हणायचे, विश्रांती घ्या. २०१९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जी शिफारस छापली तिच्यात सांगितलं, की आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास घाम फुटेल इतपत चालणं आणि दोन वेळा स्नायूंना ताकद येईल असा व्यायाम, एवढं केलं तरी थकवा, मनाची उदासी आणि अंगाची दुर्बलता कमी होते.

मग प्रश्न येतो की आयुष्य वाढतं का? याचं उत्तर बरेच दिवस नीट मिळत नव्हतं. २०२५ च्या जूनमध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया या देशांत ती झाली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि औषधं पूर्ण झालेले ८८९ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्याची माहिती देणारी पुस्तिका दिली, व्यायाम करा, चांगलं खा, असं छापलेली. दुसऱ्या गटालाही पुस्तिका दिली, पण त्याशिवाय प्रत्येकाला एक मार्गदर्शक माणूस दिला. तो पहिलं वर्षभर साधारण दर पंधरा दिवसांनी आणि पुढची दोन वर्षं महिन्यातून एकदा त्या रुग्णाशी बोलायचा. किती चाललात, कुठे अडलात, पुढच्या पंधरवड्यात काय करायचं ठरवू, असं. एकूण तीन वर्षं. ध्येय काय होतं? पळायचं नव्हतं, वजनं उचलायची नव्हती. रोजच्या कामाशिवाय आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपाझप चालणं, किंवा तेवढ्याच तोलाचं काहीही.

निकाल ऐका. पाच वर्षांनी मार्गदर्शक मिळालेल्या गटात शंभरातले ८० जण रोग परत न येता जगत होते, नुसती पुस्तिका मिळालेल्यांत ७४. आठ वर्षांनी पहिल्या गटात शंभरातले ९० जण हयात होते, दुसऱ्यात ८३. शंभरामागे सात माणसं. सात माणसं म्हणजे दोन घरं. आणि हे कुठल्या महागड्या गोळीने झालेलं नाही. एक गोष्ट तितक्याच प्रामाणिकपणे सांगायला हवी, की व्यायामाच्या गटात सांधे आणि स्नायू दुखण्याच्या तक्रारी जास्त होत्या. आणि ही चाचणी आतड्याच्या कॅन्सरची होती. आपल्याकडे बायकांत स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा, पुरुषांत तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर जास्त दिसतो. त्या प्रत्येकात असाच फरक पडेल असं या एका चाचणीवरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. थकवा आणि दुर्बलता कमी होते, एवढं मात्र म्हणता येतं, आणि मला तेवढंही पुरेसं वाटतं.

आपल्याकडेही काम झालेलं आहे. टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० स्त्रियांवर योगासनांची चाचणी झाली. उपचाराच्या प्रत्येक टप्प्याला झेपतील अशी सोपी आसनं, मध्ये मध्ये विश्रांती, आणि घरी विसरू नये म्हणून छापील कागद व तबकड्या दिल्या. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी निकाल जाहीर केला, की रोगमुक्त राहण्यात १५ टक्के सापेक्ष सुधारणा दिसली. त्याच्याही आधीचं उदाहरण बार्शीचं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते नुसती वही घेऊन नोंदी करत बसले नाहीत. गावोगाव जाऊन, लोकांत बसून बोलले. परिणाम असा झाला की गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात यायला लागल्या. औषध तेच, डॉक्टर तेच. फरक पडला तो दारात येऊन बोलणाऱ्या माणसामुळे.

पुस्तिका दोन्ही गटांना होती, हे विसरू नका. ज्ञान दोघांनाही सारखंच होतं. आपल्याकडेही दवाखान्यातून घरी पाठवताना कागद देतात, त्यावर व्यायामाची चित्रं असतात. तो कागद पिशवीत जातो, पिशवी खुंटीला जाते. कागदाला विचारता येत नाही, की माझ्या हाताला मुंग्या येतात, चालू का नको? कागद पंधरा दिवसांनी दारात येऊन विचारत नाही, की काय झालं आजी, सोमवारनंतर तुम्ही दिसला नाहीत. हे विचारणारा जो माणूस, त्याला आपल्या धम्मात फार जुना शब्द आहे. कल्याणमित्र. आनंदांनी एकदा तथागतांना म्हटलं, चांगल्या मित्राची सोबत म्हणजे अर्धं श्रेष्ठ जीवनच झालं. तथागत म्हणाले, आनंदा, असं म्हणू नकोस, ते अर्धं नाही, पूर्णच आहे. आपण हे वंदनेनंतरच्या प्रवचनात ऐकतो, मान डोलावतो. आता ते पायाने करून बघायचं.

चालण्याचंही तसंच. विहारात चंक्रमण असतं हे आपल्याला माहीत आहे. बोधगयेला जे गेले असतील त्यांनी महाबोधी विहाराच्या उत्तरेला रत्नचंक्रमणाची जागा पाहिली असेल. ज्ञानप्राप्तीनंतर तथागत तिथे येरझाऱ्या घालत होते, असं सांगतात. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच फायदे दिलेले आहेत. लांबचा प्रवास झेपतो, कष्ट करायची ताकद येते, रोग कमी होतात, खाल्लेलं-प्यालेलं पचतं, आणि चालताना लागलेली मनाची एकाग्रता जास्त वेळ टिकते. यातले पहिले चार तर कुठल्याही डॉक्टरने लिहून द्यावेत असे आहेत. पाचवा आपला जादा.

आणि किती चालायचं, याचंही उत्तर तिथेच आहे. सोण कोळिविस नावाचा श्रीमंताचा मुलगा भिक्खू झाला. पाय इतके नाजूक, की तळव्यांवर लव होती म्हणतात. राजगृहाच्या सीतवनात त्याने एवढं चंक्रमण केलं की पाय फुटून जमीन रक्ताने भरली, आणि तरी काही साधेना, तेव्हा घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं. तथागत त्याच्याकडे गेले. रागावले नाहीत, उपदेशाचा डोस पाजला नाही. त्याला जे येत होतं त्याच्यावरूनच विचारलं. सोणा, तू वीणा वाजवायचास ना? तार फार ताणली तर सूर येतो का? फार सैल सोडली तर येतो का? मग मधली लावायची. आज मानसशास्त्रवाले ज्याला वर्तनाचं साहाय्य म्हणतात ते याहून वेगळं काय आहे? माणसापर्यंत आपण जायचं, त्याला दोष द्यायचा नाही, त्याच्याच आयुष्यातलं उदाहरण घ्यायचं, आणि तार त्याच्याच हातून जुळवून घ्यायची. कांदे काढून आठ दिवस पडणाऱ्या त्या बाईला मी सोणाचीच गोष्ट सांगतो. ती म्हणते, “मंजी मी तार तोडतीय व्हय.”

आता प्रत्यक्ष करायचं कसं ते बोलू. पहिल्या भेटीत व्यायामाचं नाव काढू नये. एवढंच विचारावं, की ताई, आजारपणात सुटलेलं कुठलं काम तुम्हाला पुन्हा करावंसं वाटतं? कोणी म्हणेल नातवाला शाळेत सोडायचंय. कोणी म्हणेल विहारात वंदनेला यायचंय. कोणी म्हणेल १ जानेवारीला कोरेगाव भीमाला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला चालत जायचंय, गर्दीत मागे पडायचं नाही. बाबासाहेब १९२७ च्या १ जानेवारीला तिथे आले होते, आणि आपल्या तालुक्याला त्या दिवसाचं वेगळं सांगावं लागत नाही. जे उत्तर येईल तेच ध्येय. मग त्याचे बारीक तुकडे करायचे. आज खाटेपासून ओट्यापर्यंत चार फेऱ्या. चार दिवसांनी ओट्यापासून लिंबाच्या झाडापर्यंत. पुढच्या आठवड्यात विहाराच्या फाटकापर्यंत. इतकं छोटं, की करणाऱ्याला हसू यावं. हसत केलं तर दुसऱ्या दिवशीही होतं.

कधी करायचं तेही ठरवून घ्यायचं, नाहीतर “वेळ मिळाला की” म्हणता म्हणता दिवस मावळतो. सकाळची बुद्धवंदना झाली की लगेच, किंवा चहाचा कप खाली ठेवला की लगेच. जुन्या सवयीच्या शेपटीला नवी सवय बांधायची. आणि भिंतीवर कॅलेंडर असतंच प्रत्येक घरात. ज्या दिवशी चाललं त्या तारखेवर पेनाने ठिपका. लिहिता-वाचता येत नसलं तरी ठिपका देता येतो. नातवाने द्यावा, त्यालाही मजा येते. महिन्याच्या शेवटी ठिपके दिसले की माणसाला स्वतःचाच पुरावा मिळतो. मोबाइलमध्ये पावलं मोजतात तेही चालेल, पण ठिपका फुकट आहे आणि बॅटरी उतरत नाही.

किती जोरात चालायचं? साधी खूण सांगतो. चालताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, पण भीमगीत म्हणता येऊ नये इतपत श्वास वाढला पाहिजे. गाणं म्हणता आलं तर जरा पाय उचला. बोलताच येईना तर हळू व्हा.

अडचणी आधीच मोजून ठेवाव्यात. आपल्याकडे पहिली अडचण बिबट्याची. शहरातला डॉक्टर सांगतो पहाटे फिरायला जा. त्याला काय माहीत, इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूला ऊस उभा असतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याने माणसं मारली, त्यात लेकरं होती. तेव्हा पहाटे नाही, तिन्हीसांजेला नाही, एकट्याने तर नाहीच. चांगलं उजाडल्यावर, दोघी-तिघींनी, वस्तीतल्या रस्त्याने किंवा या विहाराच्या आवारात. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे मोठा रस्ताही नको. दुसरी अडचण कोणी उघड बोलत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरला ओटीपोटावर शेक दिलेले असतात, त्यानंतर काही बायकांना लघवी-संडासची घाई होते, धरवत नाही. म्हणून त्या घर सोडत नाहीत. आपण समजतो आळस आहे. अशा बाईला लांबच्या रस्त्याला नेऊ नये. विहाराच्या भोवती फेऱ्या घालाव्यात, आणि विहाराच्या संडासाची किल्ली तिच्या हातात असावी. समितीने एवढं एक केलं तरी मोठं काम होईल. तिसरी अडचण पायांची. काही औषधांनी तळपायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही. अशांनी मागे पट्टा असलेली चप्पल नाहीतर बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे बघावेत.

स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बायकांना वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की त्या बाजूच्या हाताने काही उचलू नका, कळशीसुद्धा नाही, हात सुजेल. २००९ साली अमेरिकेत हात सुजलेल्या १४१ स्त्रियांच्या चाचणीत ज्यांना हळूहळू वजन वाढवत व्यायाम दिला, त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज उसळण्याचे प्रसंग कमी झाले. याचा अर्थ उद्याच हंडा डोक्यावर घ्या असा नाही. भिंतीला बोटं लावून हात मुंगीसारखा वर वर चढवत न्यायचा. मग पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली, काही आठवड्यांनी एक लिटरची. शिकलेल्या माणसाकडून एकदा नीट समजून घ्यायचं. त्या हाताला जखम, भाजणं, काटा टोचणं जपायचं.

तोंडाचा कॅन्सर झालेल्या पुरुषाचं दुखणं वेगळं. गळ्यातल्या गाठी काढताना खांद्याची नस दुखावते, मग हात वर जात नाही, सदरा घालता येत नाही. जबडा आवळून येतो, घास जात नाही. दवाखान्यात आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायला देतात आणि एकेक काडी वाढवत नेतात. हाही व्यायामच आहे, आणि हाच सगळ्यांत लवकर सोडला जातो, कारण दुखतो आणि चारचौघांत लाज वाटते. तिथे मित्राने शेजारी बसून काड्या मोजायच्या. आज किती दादा? सात. परवा सहा होत्या. बस्स, एवढंच बोलायचं. आणि कृपा करून त्याच्यासमोर तंबाखू मळायची नाही.

पुरुष माणसं फिरायला तयार होत नाहीत, हा माझा अनुभव आहे. “बिनकामाचं काय हिंडायचं” म्हणतात. त्यांना काम द्यावं. विहारातला दिवा-मेणबत्ती बघायची, वर्गणीची पावती पोचवायची, झाडांना पाणी घालायचं. चालणं त्यातच होतं.

कधी चालायचं नाही हेही लक्षात ठेवा. ताप असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, एक पाय अचानक सुजला असेल, हाडात नवं दुखणं सुरू झालं असेल, तर चालणं बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. हाडापर्यंत रोग गेलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. रक्त फार कमी असेल तर आधी ते बघावं. कल्याणमित्र म्हणजे डॉक्टर नव्हे. त्याने औषध सांगू नये, कोणाचा काढा आणून देऊ नये. शंका आली तर आशाताईंना सांगावं.

आणि खंड पडणारच. पाऊस लागतो, पाहुणे येतात, घरात कोणी दगावतं, तपासणीची तारीख जवळ आली की भीतीने पाय गळतात. या शेवटच्याला हसू नका. रिपोर्ट येईपर्यंतचे आठ दिवस त्या माणसाला काय वाटत असतं ते त्यालाच ठाऊक. अशा वेळी कल्याणमित्राने चालण्याचा आग्रह धरू नये, नुसतं शेजारी बसावं. आठ दिवस ठिपका पडला नाही म्हणून मागचे ठिपके पुसले जात नाहीत. पुन्हा ओट्यापासून सुरू.

त्या चाचणीत पंधरा दिवसांनी भेट होती म्हटलं ना? आपल्याकडे ती सोय आधीच आहे. पौर्णिमा आणि अमावास्या, उपोसथाचे दिवस. पौर्णिमेला तर आपण वंदनेला जमतोच. त्याच दिवशी वंदनेनंतर दहा मिनिटं कॅलेंडर घेऊन बसायचं. अमावास्येला कल्याणमित्राने घरी जाऊन यायचं. मार्गदर्शक नेमायला आपल्याकडे पैसे नाहीत, पण बारावी झालेल्या मुली आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, बचत गटातल्या बायका आहेत. एका माणसामागे एक जण पुरे. एका विनय-कथेत पोटाच्या रोगाने आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आणि आनंदांनी स्वतःच्या हातांनी धुतलं, आणि मग बाकीच्या भिक्खूंना विचारलं की तुम्ही एकमेकांचं करणार नाही तर कोण करणार. ते काम फार अवघड होतं. आपल्याला तर नुसतं सोबत चालायचं आहे.

मी समितीशी बोललो आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तीन महिने आपण ग्रंथवाचनाला रोज जमतो. पावसात रस्त्याने चालता येत नाही, म्हणून वाचनाच्या आधी पंधरा मिनिटं या सभागृहातच भिंतीकडेने फेऱ्या घालायच्या. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी मध्ये दोन खुर्च्या ठेवायच्या. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठणं हाही व्यायाम आहे, आणि फार चांगला आहे. ज्यांच्या घरात उपचार झालेलं माणूस आहे त्यांनी आज जाताना मला नुसतं घर सांगावं. नाव फळ्यावर लिहिणार नाही, माइकवरून पुकारणार नाही, कोणाला काय झालंय ते चावडीवर जाणार नाही. आणि ज्या तरुण मुलामुलींना कल्याणमित्र व्हायचं आहे त्यांनी भोजनानंतर मागच्या खोलीत थांबावं. तिथे काड्या, बाटल्या आणि कॅलेंडरं आणून ठेवली आहेत, एकेक करून दाखवतो. तासभर लागेल.

जयभीम. नमो बुद्धाय.